अर्धवेळ वर्दी

सात दिवसांचं लॉकडाऊन म्हणाला होतात तुम्ही, सरकार. टीव्हीवर उभं राहून, गंभीर चेहरा करून, सात दिवस. आज त्रेचाळिसावा आहे. ग्लेन वेव्हर्लीतल्या त्या घरापासून मुराबिनचा विमानतळ चौदा किलोमीटर, आणि घराभोवती तुम्ही आखलेलं वर्तुळ पाचाचं. वीस वर्षांची नुपूर नुकती कुठे तिथून एकटीने विमान उडवायला लागली होती. एकटीचे सगळे मिळून नऊ तास. तुम्ही तिला जमिनीवर बसवलंत, आणि परत कधी उठायचं ते सांगितलं नाहीत.

म्हणून ती डायनिंग टेबलाभोवती फेऱ्या मारत होती. लॅपटॉपवर सैन्यभरतीचा फॉर्म उघडा. पार्ट-टाइम सेवा, पर्याय दोन: आर्मी रिझर्व्ह किंवा एअर फोर्स रिझर्व्ह. एकच निवडायचा, आज पाचच्या आत. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

"फरशी झिजेल गं," ओट्याशी मेथी निवडत तिची आई चित्रा म्हणाली.

भरतीच्या ऑफिसातल्या माणसाशी सकाळीच फोनवर बोलणं झालं होतं. यातल्या कुठल्या रस्त्याने मी कॉकपिटपर्यंत पोचेन, असं नुपूरने त्याला सरळ विचारलं. तोही सरळच बोलला. कुठल्याच नाही, मेट. पार्ट-टाइमवाल्यांना आम्ही शून्यापासून पायलट करत नाही. पण पुढे फुल-टाइम पायलटच्या मुलाखतीला बसशील, तेव्हा अंगावर घातलेली दोन वर्षांची वर्दी दिसेल त्यांना.

"एअर फोर्स घे," तिचे बाबा, सलिल, हेडसेट एका कानावरून सरकवून म्हणाले. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्यांची ऑफिसची मीटिंग चालू होती. "विमान नाही तर नाही. विमानं ठेवतात तिथे तरी जाशील."

"तिथे गेटवर पहारा देईन, बाबा. आणि तो बेस शहराच्या पार त्या टोकाला. आर्मीचा डेपो बसने वीस मिनिटं. दर मंगळवारी जायचं. रायफल, नकाशे, काहीतरी. निदान घराबाहेर पडेन."

"चिखलात लोळायला," चित्रा म्हणाली. "आणि ते कपडे माझ्या मशीनमध्ये."

"आर्मी," नुपूर म्हणाली आणि उभ्या उभ्याच क्लिक केलं.

पुढचं पान तब्येतीचं होतं. डॉक्टरांकडचं रेकॉर्ड जोडायचं होतं. ते तिने क्लिनिककडून मागवलेलं, दुपारीच ईमेलवर आलेलं. तिने उघडलं, वाचलं, परत वर जाऊन वाचलं.

"आई, मला दमा कधी झाला?"

चित्राचा हात मेथीत थांबला.

"जून दोन हजार एकवीस. दमा, तीव्र. खाली विनीतामावशीची सही आहे."

यंदा एप्रिलमध्ये पुण्यात चित्राचा भाऊ प्रल्हाद कोविडने गेला. ऑक्सिजनचा बेड मिळेपर्यंत गेला. चित्राने ते सगळं फोनच्या पडद्यावर पाहिलं, कारण देशाच्या सीमा तुम्ही बंद ठेवल्या होत्यात. जूनमध्ये इथे लस होती, पण विशीतल्या धडधाकट मुलीला तुमच्या यादीत जागा नव्हती. आजारी असती तर होती. मग चित्राने तिला आजारी केलं. डॉक्टर मैत्रिणीकडून, विनीताकडून, एका कागदावर, पाच मिनिटांत. नुपूरला सांगितलं, कुणीतरी लसीची अपॉइंटमेंट रद्द केलीय, चल पटकन.

"लहानपणी धाप लागायची तुला," चित्रा म्हणाली. "जिना चढलीस की."

"सगळ्यांना लागते."

सलिलने मीटिंगमधल्या लोकांना सॉरी म्हटलं आणि लॅपटॉप मिटला. "विचारलंय काय नेमकं?"

"दमा आहे का, हो की नाही. हो म्हटलं तर पायलट विसरायचं. सकाळी तो भरतीवाला बोलला तसं. मी म्हटलं, नो वरीज, माझी फुप्फुसं घोड्याची आहेत."

"मग नाही म्हण."

"सोबत हे रेकॉर्ड जातंय, बाबा. आणि खाली सही करायचीय, की सगळं खरं आहे."

"विनीताला सांगू ना, दुसरं पत्र दे म्हणून. चुकून लिहिलं गेलं म्हणावं."

"चुकून?" चित्रा त्यांच्याकडे वळली. "तीव्र दमा चुकून? चौकशी लागेल तिच्यामागे. तिचं लायसन्स जाईल."

"आणि तिने नाही दिलं तर माझं," नुपूर म्हणाली. "मिळायच्या आधीच."

चित्राने मेथीच्या काड्या एकत्र केल्या, पेपरात गुंडाळल्या, परत उघडल्या.

"तुला जिवंत ठेवलंय मी," ती शेवटी म्हणाली. "तेवढंच केलं. प्रल्हादच्या वेळी माझ्या हातात काही नव्हतं. तुझ्या वेळी होतं."

"मला माहितीय."

"मग?"

"मग इथे ‘जिवंत ठेवण्यासाठी’ असा पर्याय नाहीये, आई. फक्त हो आहे आणि नाही आहे. आर्मी की एअर फोर्स, ते मी ठरवलं. हे मी कसं ठरवू? मी आजारी आहे हे मला आज कळतंय."

पाचला आठ मिनिटं होती. नुपूरने ओट्यावरचा आईचा फोन उचलला, नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन चित्राच्या हातात दिला. मेथीच्या मातीने काच बरबटली. दोनदा रिंग गेली.

"बोल गं चित्रा," पलीकडून विनीताचा आवाज आला. "सगळं ठीक ना?"

चित्राने नुपूरकडे पाहिलं. नुपूरने तिच्यावरची नजर हलवली नाही.

"आता दोघीही ऐकताय," नुपूर म्हणाली. "सांगा. मला दमा आहे का?"