नेरेइदाचा आवाज

घशाच्या ऑपरेशनात नेरेइदाची वाचा गेली. तेव्हापासून ती टाइप करायची आणि कॉम्प्युटर तिच्यासाठी बोलायचा, खरखरीत, दांडग्या आवाजात. हवानाच्या आमच्या गल्लीने तिची माया आणि शिव्या त्याच आवाजात ऐकल्या. मग कॉम्प्युटर जळला. आवाजाचं सॉफ्टवेअर कंपनीने केव्हाच बंद केलेलं. नव्या मशीनवर चालेना. मुलगी ओदालिसने बोलणारा फोन आणला. त्यातून कोवळी पोरगी बोलली. "किती गोड आवाज आहे, आई!" नेरेइदाने फोन उलटा ठेवला, भंगारातून जुने कॉम्प्युटर जमवले, एकाचे भाग दुसऱ्याला लावले आणि जळालेल्या कॉम्प्युटरमधून वाचलेली, आपल्या आवाजाची डिस्क त्यात बसवली. "हट्ट सोड गं," ओदालिस रडकुंडीला आली. तेवढ्यात स्क्रीन उजळला. नेरेइदाची बोटं धावली. खिडकीतून तोच आवाज गरजला, "मी अजून मेले नाहीये!" समोरच्या गच्चीवरून बासिलिया ओरडली, "आलीस का, थेरडे! भांडायला कोणी नव्हतं मला!"