बुधवारचा फेरसामना

देशाच्या फुटबॉल चषकाचं ते दुसरंच वर्ष. ओतशाळेतल्या कामगारांच्या संघाने बड्या लोकांच्या क्लबच्या तोंडाला फेस आणून सामना बरोबरीत सोडवला. फेरसामना, बड्यांच्याच सोयीने, बुधवारी ठरला. जो संघ येणार नाही, तो बाद.

कामगारांचा कप्तान नाक मुठीत धरून मॅनेजरसाहेबांपुढे उभा राहिला. “साहेब, आम्हा अकरा जणांना अर्धा दिवस रजा द्या. रविवारी भरून काढतो.”

“आणि भट्टी काय तुझा सासरा सांभाळणार? बुधवारी जो गैरहजर, त्याने गुरुवारी तोंड दाखवू नये.”

बुधवारी अकराही जण दातओठ खात भट्टीपुढे राबले.

गुरुवारी साहेबांचाच पारा चढलेला. “काल आम्ही अकरा जण बूट घालून तासभर मैदानात ताटकळलो. खिलाडूवृत्ती म्हणून काही आहे की नाही तुम्हा लोकांत?”