नवा ठाणेदार

"या खोऱ्यात बंडखोर कोण?" परक्या फौजेच्या कॅप्टनने विचारलं. टोळीप्रमुख जरगुलखानने बेधडक शेजारच्या टोळीच्या तोरयालचं नाव सांगितलं. तोरयालने उभ्या जन्मात बंदूक धरली नव्हती. पण पाटाच्या पाण्यावरून दोघांच्या घराण्यांत तीन पिढ्यांचं वैर होतं.

तोरयालला डोळे बांधून नेलं. त्या वर्षी जरगुलच्या बागेला पोटभर पाणी मिळालं, डाळिंबं लगडली.

दोन वर्षांनी फौजेने खोऱ्यात नवा ठाणेदार नेमला. कैदेत फौजेची भाषा शिकून साहेबांच्या मर्जीतला झालेला तोरयालच तो!

त्याला दारात पाहून जरगुल दोन पावलं मागे सरला. तोरयालने मात्र कडकडून मिठी मारली.

"तुमच्या कृपेने ठाणेदार झालो, जरगुलखान. पहिली अटक कुणाला करायची, ते साहेबांनी माझ्यावर सोडलंय. पण आधी चहा पाजा!"

जरगुलने स्वतःच्या हाताने चहा केला आणि मूठभर साखर घातली.