ट्रंकेची चिंधी

जर्मन भाषेत खिडकी ‘ते’ असते आणि खुर्ची ‘तो’. मराठी डोक्यात हे राहीना, म्हणून मी नगरच्या घरातल्या वस्तूंना चिंध्या बांधल्या. ‘तो’ला निळी, ‘ती’ला तांबडी, ‘ते’ला हिरवी. “पुण्याला जाऊन रसायनशास्त्र शिकायचंय, त्यासाठी जर्मन लागतं,” मी सांगायचे. “ज्यांच्या लढाईमुळे रॉकेल रेशनवर आलं, त्यांचीच भाषा?” आई फणकारायची. लग्नात मला द्यायला तिने माहेरची ट्रंक भांडीकुंडी भरून तयार ठेवली होती. निघायच्या सकाळी मी कपड्यांचं गाठोडं बांधत होते. आईने तीच ट्रंक रिकामी करून माझ्यापुढे सरकवली. कडीला तांबडी चिंधी बांधलेली होती, तिच्या ठेवणीतल्या लुगड्याची. “ट्रंक ती, म्हणून तांबडी. बरोबर ना गं?” तिने विचारलं. जर्मनमध्ये ट्रंक ‘तो’ असते. चिंधी निळी हवी होती. “अगदी बरोबर,” मी म्हणाले आणि गाठ घट्ट केली.