तळाचे कप

काड्कन कान तुटला. मागच्या शेडचा हा दहावा कप. सूनबाईनं कानाला टांगलेली वजनं मोजली, फळ्यावर आकडा लिहिला आणि सरासरी काढली. पुढच्या शेडपेक्षा चांगली तीन किलोनं कमी.

"झालं तर," मालक म्हणाले. "मागची भट्टी आजपासून बंद. कपाचा कान टिकत नाही, तिथं मी काय धर्मशाळा चालवू?"

मागची शेड सासूबाईंची. त्यांच्या हाताखालच्या बायकांचे चेहरे खर्रकन उतरले. सासूबाईंनी सुनेकडे असं पाहिलं, की तिला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. सासूबाईंच्या लेखी सुनेचा घरी चहा पाणचट, बोलणं फटकळ आणि आता वरून हे!

"मी खोटं कसं लिहू, आई?"

"नको लिहूस. घरचीच उलटली, मग परक्यांना काय बोलायचं!"

फणकाऱ्यानं त्या उरलेले कप पेटीत भरायला लागल्या. सूनबाई बघत राहिली. जाडजूड कप खाली, नाजूक अंगाचे वर.

"आई, नेहमी असेच भरता?"

"मग काय उलटे भरू? तळाच्यावर सगळ्यांचा भार येतो. दणकट तो तळाशी, लेचापेचा तो वर. एवढंही कळत नाही का गं?"

सूनबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मालकांनी चाचणीचे कप दोन्ही पेट्यांच्या वरूनच उचलले होते! आणि पुढच्या शेडचा मुकादम तर गिऱ्हाइकाला दाखवायला निवडक माल वर ठेवायचा. ती धावतच सुटली.

"मालक, थांबा! त्यांचे सगळ्यात चांगले आणि आमचे सगळ्यात लेचेपेचे, अशी झुंज लावलीत तुम्ही!"

"सासूची वकिली," मुकादम खो खो हसला.

"मग माझा हातच नको. प्रत्येक कपावर नंबर घाला. चिठ्ठ्या डब्यात टाका. मालकांनीच काढाव्यात. वरचा असो की तळाचा, निघेल तो कप."

मालकांनी डोळे मिटून चिठ्ठ्या काढल्या. पुन्हा दहा आणि दहा. काड्कन, काड्कन कान तुटत गेले. मागची शेड सहा किलोनं पुढे!

मुकादमाचं हसू मावळलं. "योगायोग असेल."

"दोन्हीकडचे आकडे आपसात तीन-चार किलोनं इकडेतिकडे होतायत," सूनबाई म्हणाली. "पण दहा-दहा कपांच्या सरासरीत सहा किलोंचा फरक? एवढा नुसत्या नशिबानं सहसा पडत नाही. खोटं वाटत असेल तर पुन्हा काढा."

मालकांनी पुन्हा काढल्या. पुन्हा जवळजवळ तेवढाच फरक. त्यांनी फळ्याकडे पाहिलं, मग मुकादमाकडे.

"मागची भट्टी चालू राहील. आणि तुम्ही उद्यापासून कान कसे चिकटवायचे ते मागच्या शेडमध्ये शिकायला जा."

बायकांनी शेड डोक्यावर घेतली. कुणी टाळ्या पिटल्या, कुणी डबे बडवले. त्या गोंधळात सूनबाईनं सासूबाईंना गाठलं. आज तिची भीड पार चेपली होती.

"आई, सकाळपासून रात्रीपर्यंत माझी उणीदुणीच ऐकते मी. चांगलं असं काहीच नाही का हो माझ्यात?"

सासूबाईंनी पेटीत हात घातला, अगदी खालचा जाड कप काढला आणि किटलीतल्या चहानं काठोकाठ भरून तिच्या हातात दिला.

"आहे की गं. तळाशी ठेवलंय. घराचा सगळा भार त्याच्यावरच तर आहे."