मैनेला हाळी

"ये गं माझे बाय, येऽऽऽ"

आबांची ही हाळी कळंब्याच्या तळ्याच्या या काठावरनं निघायची आणि पलीकडं चरणाऱ्या म्हशीच्या कानात जाऊन बसायची. मधे कुठं तुटायची नाही. आबा गेले. हाळी त्यांच्या लेकाकडं, जोतीरामाकडं आली.

आज दिवाळीचा पाडवा. शिंगं रंगवलेली त्याची म्हैस मैना मोरपीस मिरवत त्याच्या मागं उभी होती. म्हशींच्या या शर्यतीत दोर नाही, काठी नाही. मालकानं हाळी देत पुढं पळायचं, म्हशीनं त्या आवाजामागं यायचं. गेल्या साली बाभळीपाशी जोतीरामाची हाळी खोकल्यानं तुटली. तो गुडघ्यांवर हात टेकून वाकला, आणि मैना खुशाल कडेच्या गवताला लागली. अख्खं मैदान हसलं.

त्याच संध्याकाळी त्यानं विड्यांचं बंडल चुलीत घातलं. बायको मीनाबाई भाकरी थापत होती. तिनं बघितलं आणि भाकरी तव्यावर टाकली. लग्नाबारशात बायका उखाण्याला धरायच्या, तेव्हा तिचं वर्षानुवर्षं एकच, "मी धूर सोडणाऱ्या फुकणीचं नाव घेत नसतो." बंडल जळालं तरी तिनं नाव घेतलं नव्हतं. चुलीत घालणारे लई बघितलेत, म्हणायची.

आत्ता शेजारी आपली म्हैस घेऊन उभ्या आकारामानं विडी शिलगावली.

"जोत्या, यंदा हाळी तू देणार का तुझा खोकला?"

धुराचा वास आला तसं जोतीरामाच्या तोंडाला पाणी सुटलं. ते त्यानं गिळलं.

शिट्टी झाली. हाळी उठली. मागं खुरं धडधडली. बाभळ आली तसा छातीत जुना काटा हलला. जोतीरामानं पळता पळता श्वास पार बेंबीपर्यंत ओढला, वर्षभर पहाटे तळ्याभोवती धापा टाकून जमवलेला श्वास, आणि हाळी तशीच पुढं ताणली. बाभळ मागं पडली. आकारामाचा खोकला मागं पडला. त्याची म्हैस थांबून मालकाकडंच बघत राहिली. मैनेचा गरम फुत्कार पाठीवर, समोर निशाण. हाळी निशाणाच्या पलीकडं जाऊन थांबली, मैनाही तिथंच.

गुलाल उडाला. बायकांनी मीनाबाईला ताटासकट पुढं ढकललं. तिनं आधी मैनेला कुंकू लावलं. मग जोतीरामाच्या छातीवर हात ठेवून क्षणभर थांबली, घरघर कुठं लागते का बघत. लागली नाही. तिनं पदर सारखा केला आणि तळ्यापलीकडं जाईल अशा आवाजात म्हणाली,

"विडी गेली चुलीत, धूर गेला आभाळात,
जोतीरामांचं नाव घेतो भरल्या मैदानात."