भांगाचं पाणी

इग्नेशियसने तंबूचे खुंटे परत पिशवीत टाकले. ऑनलाइन मागवलेले, चकचकीत, बोटाएवढे.

"हे दात कोरायला ठेव," तो कॅल्विनला म्हणाला.

"पप्पा, तंबूबरोबर तेच येतात."

"वाळूत धरतील काय? जरा वारा सुटला की तुझी मम्मी तंबूसकट वसईला."

ॲलिस हसली. ईको गाडीच्या मागच्या दाराशी बसून ती बोंबलांना मसाला लावत होती. चर्चमध्ये मिस्सा आटपून तिघं सरळ पालीच्या किनाऱ्यावर आले होते. आज ट्रायल. उद्या दोघं नवराबायको ही गाडी घेऊन वेंगुर्ल्यापर्यंत जाणार, आवडेल त्या किनाऱ्यावर राहणार. सगळं आयुष्य तो मासेमारीच्या बोटीवर राहिला आणि ती घरी थांबली. आता बोट विकली होती. कॅल्विनने ईकोच्या मागच्या सीटा काढून फळी ठोकली, वर गादी टाकली. बाकीचं सामान बापाने निवडलं. फोल्डिंग खुर्च्या नको, बॅटरीचा पंखा नको. बोटीवरचा स्टोव्ह घेतला, बोटीवरचा दोर घेतला.

त्याने तांदळाच्या चार रिकाम्या गोण्या वाळूने भरल्या, दोर बांधून खोल पुरल्या. गाठी मारताना तो हाताकडे बघतही नव्हता. तंबूचं एक टोक गाडीच्या मागच्या दाराला अडकवलं. कॅल्विनने दोर ओढून बघितला. हलला नाही.

"बघ," इग्नेशियस म्हणाला. "आता तुझी मम्मी कुठं जात न्हाय."

कॅल्विनने मागे बघितलं आणि त्याचं लक्ष वर गेलं. वरच्या वाळूत बाटल्या, थर्माकोल, एक तुटकी चप्पल, अशी कचऱ्याची रेघ पडली होती. काल पाणी तिथवर आलं होतं. तंबू रेघेच्या खाली होता. गाडीपण.

त्याने समुद्राकडे बघितलं. सकाळी पाणी खूप आत गेलेलं, आता परत चढत होतं, लांबच्या खडकांची फक्त टोकं दिसत होती. जेवढं आत जातं तेवढंच वर येतं. पालीतल्या शेंबड्या पोराला पण माहीत असतं.

"पप्पा, गाडी वर घे. पाणी येईल."

"न्हाय येत. आज भांग हाय."

भांगात समुद्र आळशी असतो. थोडा चढतो, थोडा उतरतो, कचऱ्याच्या रेघेपर्यंत पोचतच नाही. पण काल अमावास्या होती. आज उधाण.

"कसला भांग? डोकं बिकं..."

ॲलिसने कॅल्विनचं मनगट धरलं. रविवारच्या पांढऱ्या शर्टावर मसाल्याची चार बोटं उमटली.

"चल, पाण्याचा कॅन आणू," ती म्हणाली आणि त्याला ओढत विहिरीच्या वाटेला घेऊन गेली.

"पप्पावर ओरडू नको."

"मम्मी, काल अमावास्या झाली. ह्या माणसाने आयुष्यात कधी कॅलेंडर बघितलं नाय. लोक घरी येऊन विचारायचे ह्याला, पाणी कधी चढणार म्हणून."

"मला म्हाईत हाय."

"मग सांग ना त्याला."

"कितींदा सांगू? नाताळपासून त्याला रोज भांगच हाय."

कॅल्विनचा आवाज परत चढला. "आणि तू ह्याच्याबरोबर एकटी जाणार? गाडी तो चालवणार?"

"म्हणून तर उद्याच जायचंय," ॲलिस म्हणाली. "पुढच्या वर्षी कोणाबरोबर जाऊ?"

विहिरीवर नंबर लागायला वेळ गेला. ते कॅन भरून परत आले तेव्हा खडक दिसत नव्हते. इग्नेशियस तंबूच्या तोंडाशी बसून बोंबील तळत होता. एकदम खुशीत. पहिल्या लाटेने त्याचे पाय भिजले. दुसरीने स्टोव्ह विझवला. तो हातात झारा घेऊन बघत बसला.

कॅल्विन पळाला. आधी दाराला अडकवलेलं तंबूचं टोक काढलं. चावी गाडीलाच होती. चाकं दोनदा जागच्या जागी फिरली, मग गाडी निघाली. त्याने ती रेघेच्या वर नेऊन उभी केली, चावी खिशात टाकली आणि परत धावला. ॲलिस नवऱ्याला दंडाला धरून वर आणत होती. तंबूत पाणी शिरलं होतं. कॅल्विन गोण्या उपसायला गेला, पण त्या निघेनात. इग्नेशियसच्या गाठी सुटेनात. तंबू पाण्यावर फुगला आणि नांगरलेल्या बोटीसारखा दोराला हिसके देत राहिला. नवी चादर बाहेर आली आणि लाटेबरोबर गेली.

तिघं वर उभे राहून बघत होते.

"तंबू तिथे कोनी लावला?" इग्नेशियसने विचारलं.

ॲलिसने कॅल्विनकडे बघितलं. कॅल्विनच्या तोंडात उत्तर आलं होतं. त्याने ते गिळलं.

"मी लावला, पप्पा."

"गाढव हायस. काल अमावास्या झाली, आज उधाण. नाखव्याचा पोर तू, एवढं कळत न्हाय?"

"चुकलं."

"आईला बुडवली असतीस." तो ॲलिसकडे वळला. "ह्याच्या हातात गाडी द्यायची न्हाय."

"न्हाय देत," ॲलिस म्हणाली. ती त्याची ओली पँट गुडघ्यापर्यंत दुमडत होती. तिने मान वर केली नाही.

इग्नेशियसने हात पुढे केला. तळहातावर वाळू चिकटली होती.

"चावी दे. उद्या सकाळी लवकर निघायचंय आम्हाला."

कॅल्विनने खिशात हात घातला. चावी बोटांना लागली. हात बाहेर आला नाही.